सत्तर फुटांतला पहारेकरी

पहिल्याच दिवशी मी कामावर तासभर उशिरा पोचलो. एसटी पंक्चर झाली, चाक बदललं, म्हणून उशीर, असं मी केंद्रप्रमुखांना सांगितलं. एसटी खरोखरच पंक्चर झाली होती, पण ती दहा मिनिटांत निघाली. उरलेली पन्नास मिनिटं मी घाटंजीच्या स्टँडवर भजी खाल्ली, चहा घेतला आणि ओळखीचा एकजण भेटला म्हणून त्याच्याशी गप्पा ठोकल्या. प्रमुखांनी मान डोलावली. खिडकीशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ कापूस चिमटीत धरून उजेडाकडे पाहत उभे होते. त्यांनी माझ्याकडे वळूनही न पाहता म्हटलं,

"चाक बदललं इथपर्यंत बराबर आहे. मंग तुम्ही एकदम इथं आले. मधात कापलं तुम्ही. शंभरेक फूट असन."

"काय कापलं?"

"ते तुम्हाले मालूम," असं म्हणून ते पुन्हा कापसाकडे वळले.

हा माणूस ठार वेडा असावा, असं मला वाटलं. ते आमच्या कापूस खरेदी केंद्राचे ग्रेडर होते. मी काट्यावरचा बाबू. शेतकऱ्यांच्या बैलबंड्या रांगेनं यायच्या, ग्रेडर कापूस पाहून त्याची प्रत ठरवायचे, मी वजन करायचो, आणि मग तो कापूस जिनिंगच्या आवारात गंजीवर, म्हणजे कापसाच्या उंच ढिगावर, जायचा. म्हणजे दिवसभर आमची गाठ होतीच. महिनाभरात मला कळलं की केंद्रातला प्रत्येकजण कधी ना कधी असा फुटांत मोजला गेला आहे. तोंडावर सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत आणि पाठीमागे 'फूटवाले'.

कोणी काही सांगायला लागलं की ते डोळे बारीक करून ऐकत. सांगणारा एखादी गोष्ट गाळून पुढे सरकला की त्यांचं उजवं बोट वर जाई. "इथं कापलं." मग अंदाज. दोन फूट, दहा फूट, कधी "आख्खं रीळच काढलं याहीनं". आमच्या चपराशानं एकदा सासू वारली म्हणून रजा मागितली, तर ग्रेडरसाहेब म्हणाले, "मांगच्या साली वारली होती तेव्हा पुरं दाखवलं होतं तू. यंदा लय जागी कापून राह्यला." चपराशी मुकाट्यानं कामाला लागला. वरचे अधिकारी तपासणीला येऊन शेतकऱ्यांच्या हिताबद्दल बोलत, तेव्हाही मागच्या रांगेतून हळूच 'इथं कापलं' ऐकू यायचं. त्यांची बढती कधी झाली नाही याचं एक कारण ते असावं.

ते शिवी देत नसत, खोटारडा म्हणत नसत. माणूस खोटं बोलत नाही, नको ते कापून टाकतो, आणि उरलेलं सगळं खरंच असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तेव्हा याची गंमत वाटायची. पुढे माझ्याच बाबतीत हे शब्दन् शब्द खरं ठरायचं होतं.

कापूस मात्र त्यांच्यासारखा पाहणारा मी दुसरा पाहिला नाही. बंडीशी गेले की आधी बैलाच्या पाठीवर हात, मग कापसात कोपरापर्यंत हात. आतला कापूस बाहेर काढत, धागा ओढत, तुटताना कानाशी धरत. मग एक सरकी दाढेखाली घेत. कट्ट वाजली तर कापूस वाळलेला, नुसतीच दबली तर ओला. "सरकी बोल्ली पाह्यजे," असं ते म्हणत. शेतकरी त्यांच्याशी भांडत नसत, कारण हा माणूस कमी प्रत लावतो तेव्हाही कापूस आपलाच बोलतो आहे, असं त्यांना वाटत असे.

सिनेमाला ते कधी जात नसत. बायकोच्या हट्टानं एकदा यवतमाळला गेले होते, तर मध्यंतरातच उठून बाहेर आले. कारण विचारलं तर म्हणाले, "सगळंच सांगून टाकते ते. मंग पाहू कायले?" आणि याच माणसाच्या घरात सिनेमाचा एक तुकडा होता. त्याला ते स्वतःपेक्षा जास्त जपत होते.

तो मला पहिल्यांदा दिसला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. पोरं लाकडी नंदी घेऊन गल्लीतून मिरवत होती. ग्रेडरसाहेबांनी मला घाटंजीच्या घरी जेवायला बोलावलं होतं. अंगणात कडुनिंबाखाली दोन माठ होते. एक सावलीत, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. दुसरा तिथून हात-दीड हात लांब, उन्हात. मी पाणी प्यायला सावलीतल्या माठाकडे वळलो तर त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आतूनच ओरडल्या, "भाऊ, तिकडे नोका जाऊ! तिकडे माही सवत राह्यते. माणसाचं पाणी उन्हातल्या माठात आहे."

सावलीतल्या माठात ओली वाळू होती आणि वाळूत पत्र्याचा एक गोल डबा. बारा महिने ते त्या वाळूवर पाणी शिंपडत. अंगणात बिडी-सिगारेट पेटवायला बंदी होती. पाहुण्यांना रस्त्यावर जाऊन ओढून यावं लागे. डबा वर्षातून एकदाच उघडायचा, तान्ह्या पोळ्याला, कारण तेव्हा हवा गार असते. "हे फिल्म आपल्या कापसाचंच बनते बाबू," ते मला म्हणाले. "कापूस अन् तेजाब. म्हून जपा लागते. कापूस बाहेरून पांढरा दिसते, अन् आतून कधी तापते ते मालूम पडत नाही."

मग जेवणं झाल्यावर त्यांनी हात धुतले, दोनदा पुसले, आणि मला हकीकत सांगितली. त्यात मात्र त्यांनी एक फूटही कापलं नसावं.

त्यांचे वडील केळापूर तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. सिनेमा मुका होता तेव्हाची गोष्ट. कापसाचा भाव तेव्हाही असाच मातीत गेला होता, आणि बाजाराच्या दिवशी चार माणसं एकत्र दिसली तरी साहेब लोकांच्या पोटात गोळा येत होता. केळापूरला नवरात्राच्या यात्रेत एक तंबूवाला सिनेमा घेऊन आला. गुन्ह्याचा सिनेमा. चोर, खून, पोलीस, सगळं होतं म्हणतात. मुंबईहून तो पास होऊन आला होता. पण इथल्या साहेबानं खेळ आधी स्वतः पाहिला, आणि एका जागी हात वर केला.

त्या जागी काय होतं? कापसाच्या एका दलालाची पेढी. चोर तिजोरीशी बसलेला. तो बंडीभर पडलेल्या कापसातून रुई उपसतो, हातोड्याला गच्च गुंडाळतो, आणि मग तिजोरीवर घाव घालतो. आवाज होऊ नये म्हणून. साहेबाचं म्हणणं पडलं, की या जिल्ह्यात कापूस घरोघरी आहे, हातोडाही घरोघरी आहे, तेव्हा हे दृश्य म्हणजे उघड शिकवणी आहे. बाकी जगानं पाहिलं तरी चालेल, इथे नको.

"आता तुम्हीच सांगा," ग्रेडरसाहेब हसत म्हणाले. ते हसले की खांदे हलत, तोंड हलत नसे. "पिक्चर मुकं. आवाज नाहीच. अन् त्याच्यात चोर आवाज होऊ नाही म्हून हातोड्याले कापूस लावते. अन् साहेब घाबरते. काय म्हणावं!"

तुकडा कापून पंचांसमक्ष जाळून टाकावा आणि पंचनामा करावा, असा हुकूम निघाला. काम कारकुनाकडे आलं. वडिलांनी तंबूवाल्याच्या कात्रीनं तुकडा कापला, सत्तर फूट, पडद्यावर जेमतेम मिनिटभर. पंचांसमोर त्यांनी रिळाच्या टोकाची कोरी फिल्म जाळली. ती अशी भडकली की पंच चार पावलं मागे सरले, आणि काय जळतंय ते पाहायला कोणी पुढे झालं नाही. पंचनाम्यात लिहिलं, 'सदर तुकडा जाळून नष्ट केला.' खरा तुकडा कोटाच्या आत पोटाशी होता.

"काहून केलं असन त्यायनं असं?" मी विचारलं.

"मी बी विचारलं होतं. म्हणे, कोणीतरी उन्हातान्हात उभं राहून हे काढलं असन. मले जाळवलं नाही." त्यांनी डब्यावरची वाळू झटकली. "आमच्या बाबानं आख्ख्या नोकरीत तेवढं एकच खोटं लिवलं. अन् तेवढंच वाचलं पाहा. बाकी पिक्चर कुठं गेलं, मालूम नाही. बोलपट आले, मुकं कोण पाह्यते?"

सिनेमाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. पंचनाम्याच्या नकलेत 'गुन्हेविषयक चित्रपट, रीळ पाचवे' एवढंच होतं. त्यांनी कुठे कुठे पत्रं पाठवली होती. आमच्याकडे नोंद नाही, अशी उत्तरं त्याच डब्यात ठेवलेली होती.

मग त्यांनी खिशातून कापूस पाहायचं भिंग काढलं आणि फिल्मचं टोक उजेडात धरलं. एका फुटात सोळा चित्रं. मी एक एक चित्र पाहत गेलो. रुई गुंडाळणारा हात. हातोडा. तिजोरी. हलणारं असं काहीच नाही, तरी वीसेक चित्रांनंतर मी भिंग डोळ्यावरून काढेना. अगदी शेवटी दार उघडतं आणि दारात पहारेकरी. डोक्याला फेटा, हातात काठी. त्याला चोर दिसतो. तोंड उघडायला लागतं. थोडं, आणखी थोडं. आणि मग कात्री.

"पुढे?"

"पुढे नाही. साहेबानं इथंच कापा म्हटलं. म्हणजे या पहारेकऱ्यानं आवाज देल्ला का नाही, ते उरलेल्या पिक्चरमधे होतं." त्यांनी फिल्म गुंडाळायला घेतली. "लहानपणापासून इचार करून राह्यलो मी, बाबू. याचं तोंड उघडं आहे. पण माणूस तोंड उघडते अन् मंग मिटून बी घेते. तुम्हाले काय वाटते, देल्ला असन आवाज?"

"देल्लाच असन ना साहेब. पहारेकरी आहे तो."

"पहारेकरी आहे म्हून कोणी देत नसते. तुम्ही असते त देल्ला असता?"

"देल्ला असता," मी म्हणालो. माझ्या तोंडात पुरणपोळीचा शेवटचा घास होता आणि समोर कोणी चोर नव्हता. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि डबा वाळूत पुरला. त्यांना माझं पटलं होतं, हे आठवलं की आजही मला जागच्या जागी बसवत नाही.

पुढे तीन पोळ्यांना मी त्यांच्याकडे गेलो. दर वेळी तो पहारेकरी पाहिला. काकूंनी मात्र एकदाही भिंगाला डोळा लावला नाही. "सवतीचं तोंड पाह्यत नसते," म्हणायच्या, आणि माझ्या ताटात आणखी तूप वाढायच्या.

चौथ्या वर्षी ते झालं. कापसाचे दिवस वाईटच होते. सरकारी खरेदी आज आहे, उद्या असेल की नाही, कोणाला सांगता येत नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनी एकदमच बंड्या आणल्या, आणि रांग केंद्राच्या फाटकापासून पार ओढ्यापर्यंत गेली. लोक बंडीखालीच चुली मांडत, तिथेच झोपत. आणि डिसेंबरात दोन दिवस पाऊस लागला. ताडपत्र्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याही गळत होत्या.

पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रेडरसाहेबांनी रांगेतल्या पहिल्या दहा-बारा बंड्या पाहिल्या. प्रत्येक बंडीतली सरकी दाढेखाली धरली. एकही वाजली नाही. ते सरळ केंद्रप्रमुखांच्या खोलीत आले. मी तिथे वजनाच्या पावत्यांवर सही घ्यायला उभा होतो. खोलीत आम्ही तिघंच.

"साहेब, कापूस घेऊ," ते म्हणाले. "लोकायले वापस नाही पाठवता येत, आठ दिवसांपासून पडून आहेत बिचारे. मी ओला म्हून लिवतो. पण गंजी नोका लावू. आवारात पसरू द्या, दोन दिवस ऊन खाऊ द्या."

"आवार आजच मोकळं पाह्यजे," प्रमुख म्हणाले. "परवा वरून भेट आहे. पसरलेला कापूस दिसला त काय म्हणतीन? गंजी लावा."

"आतून जळन साहेब ते."

"ग्रेडर, तुमचं काम ग्रेड लावायचं. गंजीचं मी पाह्यतो."

ग्रेडरसाहेब माझ्याकडे वळले. तुम्ही ऐकलंत ना, एवढंच त्या पाहण्यात होतं. मी मान हलवली. मग ते बाहेर गेले.

भेटीचा दिवस छान पार पडला. आवार स्वच्छ, गंजी उंच, चहा-पोहे उत्तम. पाचव्या दिवशी सकाळी गंजीच्या अंगातून वाफेसारखं काहीतरी यायला लागलं. वरचा थर काढला तर आत हात घालवेना. मध्यापर्यंत पोचलो तोवर कापूस पिवळा, मग तांबूस, आणि गाभ्यात काळा होऊन धुमसत होता. दिवसभर पाणी मारलं. ती आख्खी गंजी वाया गेली. ग्रेडरसाहेब एका बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांच्या हातात काळी पडलेली मूठभर रुई होती आणि ती टाकायचं त्यांना सुचत नव्हतं.

चौकशी लागली. चौकशी लागली की कोणीतरी सापडावा लागतो. प्रमुख म्हणाले, ग्रेडरनं ओला कापूस पास केला, मला धोक्याची सूचना दिली नाही. ग्रेडरसाहेबांनी आपल्या जबाबात सगळं बोलणं लिहिलं, आणि त्या वेळी काट्याचे बाबू हजर होते, हेही लिहिलं. आता सगळा भार माझ्या जबाबावर आला.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. कायम करायच्या लोकांची यादी वर गेली होती, तिच्यात माझं नाव होतं, आणि त्या यादीवर शिफारस प्रमुखांची होती. घरी दोन मुली. प्रमुखांनी मला बोलावलं. धमकी नाही, आमिष नाही. अगदी मोठ्या भावासारखं म्हणाले, "खोटं बिलकूल लिवू नोका. जेवढं विचारलं तेवढंच लिवा."

मी तसंच केलं. मी लिहिलं: 'ग्रेडर यांनी कापूस तपासला असता तो ओला असल्याचे आढळले. तशी नोंद घेण्यात आली. त्यानंतर कापसाची गंजी लावण्यात आली.' माझ्या दीड पानांत एक शब्द खोटा नव्हता. वाटल्यास आजही त्यावर सही करीन. त्या रात्री मी नीट जेवलो, झोपलोही. लाज वाटायला मला जरा वेळ लागला.

'ग्रेडर यांच्या म्हणण्यास दुजोरा मिळत नाही,' असा निकाल आला. त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणा हा शब्द चढला आणि निवृत्तीला सात महिने उरले असताना त्यांना घरी पाठवलं. एवढ्या वर्षांत ज्यानं ओली सरकी कधी सुकी म्हटली नाही, त्याला निष्काळजी म्हटलं. खाजगी जिनवालेही मग त्यांना बोलावेनात. एरवी म्हातारे ग्रेडर हंगामात कुठे ना कुठे कापूस पाहायला जातातच. यांच्या हाताला पुन्हा कापूस लागला नाही.

शेवटच्या दिवशी ते टेबल आवरून काट्यापाशी आले. मी पावत्यांचा गठ्ठा उगाचच उलटसुलट करत होतो. बोट आता वर जाईल, 'किती फूट, बाबू?' असं ते विचारतील, म्हणून मी मान खाली घालून वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं नाही. "येतो बाबू. पोळ्याले या," एवढंच म्हणाले. मी गेलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. मी कायम झालो, माझी बाभुळगावला बदली झाली, आणि घाटंजी लांब पडतं असं मी घरी सांगू लागलो. बायकोनं एकदा म्हटलं, "ते बोलावत होते ना? काहून जात नाही तुम्ही?" मी म्हटलं, हंगाम असतो. पोळा भर पावसाळ्यात येतो, तेव्हा कसला आलाय कापसाचा हंगाम! तिनं काही मोजलं नाही.

ते गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला. मग मात्र राहवेना. त्या आठवड्यात घाटंजीला गेलो.

अंगणात कडुनिंब होता. माठ एकच होता, सावलीत, आणि त्यात पिण्याचं पाणी होतं. काकू थकल्या होत्या, पण त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. "भाऊ! किती पोळे गेले! दर साली पाट मांडत होते तुमचा."

डबा त्यांनी फडताळातून काढून आणला. ग्रेडरसाहेब शेवटच्या उन्हाळ्यात दोन महिने यवतमाळला दवाखान्यात होते, काकू त्यांच्यापाशी, आणि इथे वाळूवर पाणी शिंपडायला कोणी नव्हतं. काकूंनी झाकण उघडलं. आत तपकिरी भुकटी होती, नाकात ओढायच्या तपकिरीसारखीच, आणि उग्र आंबूस वास. सत्तर फुटांतलं एक चित्र शिल्लक नव्हतं. तो पहारेकरी पाहिलेला माणूस आता जगात बहुधा मी एकटाच. काकूंनी तर त्याचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

"चित्र गेलं जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "त्यायनं तुमच्यासाठी एक कागद ठेवला आहे."

तो माझा जबाब होता. ग्रेडरसाहेबांनी अर्ज करून चौकशीच्या कागदांच्या नकला मिळवल्या होत्या. मी हातानं लिहिलेलं वरच्या ऑफिसात टाइप झालं होतं, तीच प्रत. 'तशी नोंद घेण्यात आली' आणि 'त्यानंतर कापसाची गंजी लावण्यात आली' या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी पेन्सिलीनं उभी रेघ मारली होती आणि समासात आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथं कापलं. सात-आठ ओळी असतील. टाइप करतानी काढल्या.'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी कागद खाली ठेवला.

"मले म्हणत होते," काकू सांगत होत्या, "बाबूनं सगळं लिवलं होतं. वरच्यायनं कापलं. म्हणे, सांधा साफ दिसून राह्यला, मले नोको शिकवू, जिंदगी गेली यातच. लोकं तुमच्याबद्दल काहीबाही बोलत, त मारायले धावत लोकायच्या अंगावर. दवाखान्यात बी म्हणे, तो पहारेकरी बोल्लाच असन, आपल्यापर्यंत पोचलं नाही एवढंच." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "काय लिवलं होतं हो भाऊ तुम्ही इथं? मले त्यायनं सांगतलं नाही. म्हणे, त्यालेच विचारजो, त्याच्या तोंडून ऐकजो."

मी सांगितलं. कापूस ओला होता, एकही सरकी वाजली नाही. ग्रेडरसाहेब म्हणाले, गंजी लावू नका, दोन दिवस पसरू द्या. प्रमुख म्हणाले, परवा भेट आहे, आवार मोकळं पाहिजे. ते म्हणाले, आतून जळेल. प्रमुख म्हणाले, गंजीचं मी पाहतो. हे मी स्वतः ऐकलं, मी तिथे उभा होतो. इतकी वर्षं हे सगळं माझ्यापाशी जसंच्या तसं होतं. सांगताना कुठे अडखळलो नाही, आवाजही कापला नाही. मोजून सात-आठ ओळी झाल्या. त्यांचा अंदाज चुकत नसे.

काकूंनी कागदाची घडी घातली आणि भुकटीच्या डब्याशेजारी ठेवली. "बरं झालं तुम्ही लिवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यायले तेवढाच आधार होता."

मी लिहिलं नव्हतं, हे शब्द माझ्या तोंडाशी आले. तोंड उघडलंही असावं, कारण काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणता भाऊ?" मी म्हटलं, "काही नाही. पाणी द्या जरा." त्यांनी सावलीतल्या माठातलं गार पाणी दिलं. ते पिऊन मी निघालो.

साऱ्या केंद्राची लबाडी फुटांत मोजणारा तो माणूस एकाच जागी चुकला, आणि ती जागा मी होतो. जिथे काही नव्हतंच, तिथे त्यांनी कापल्याची खूण पाहिली, कारण माझ्याबद्दल दुसरं काही मानायला ते तयार नव्हते. ही चूक दुरुस्त करायला फार काही लागत नाही. काकू अजून आहेत. बाभुळगावहून घाटंजीला जायला दिवसाला चार एसट्या आहेत, आणि त्या वेळेवर सुटतात.